कथेतर लेखनाच्या वर्गाला बसताय? आधी एवढं वाचा

माझा पहिला गृहपाठ परत आला तेव्हा समासात लाल पेनाने एकच प्रश्न अकरा ठिकाणी लिहिलेला होता: ‘कुठली?’ कुठे ‘कुठला?’, कुठे ‘कुठलं?’, एवढाच फरक. विषय होता ‘माझ्या लहानपणची मुंबई’. मी लिहिलं होतं की चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी गप्पा रंगायच्या, कुणाकडून तरी भज्यांचा वास यायचा, टीव्ही एकाच्याच घरी असला तरी तो सगळ्यांचा असायचा. वर्ग सुटल्यावर सरांनी विचारलं, “तू कुठल्या चाळीत राहायचीस?” मी वाढले विक्रोळीला, कन्नमवारनगरात. म्हाडाची बिल्डिंग, तळमजला, गॅलरी नाहीच. चाळ मी टीव्हीवर पाहिली होती.

बारा आठवड्यांचा तो वर्ग मी नोकरी सांभाळून, दर शनिवारी दुपारी दादरला जाऊन केला. पुढच्या तुकडीतल्या दोघीतिघींनी मला तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते. कथेतर म्हणजे नॉनफिक्शन. घडलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं, तपासलेलं लिहायचं. निबंध आणि भाषण यांची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना हे सोपं वाटतं आणि पहिल्या महिन्यात सगळेच आपटतात.

१. पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा

“किती गृहपाठ तपासून परत मिळतात?” एवढंच विचारा. ‘लेखनाचे तंत्र आणि मंत्र’ छापाची व्याख्यानं ऐकून लिहिता येत नाही, आणि प्रमाणपत्राचा तर काहीच उपयोग नाही. तुकडी वीसच्या आत असावी. त्याहून मोठी असेल तर तुमचा मसुदा वर्गात वाचायची पाळी एकदाच येते.

साधारणपणे गृहपाठ असे असतात: एका जागी बसून केलेलं निरीक्षण (पाचशे शब्द), घरातल्या एखाद्या वस्तूवर टिपण, एका माणसाची मुलाखत (हजार-बाराशे शब्द), एखाद्या जागेचा कागदपत्रांतून शोध आणि शेवटी अडीच हजार शब्दांचा मोठा लेख. शिवाय प्रत्येक गृहपाठ निदान एकदा पुन्हा लिहायचा. म्हणजे पाचाचे दहा होतात. सुट्ट्यांचा हिशेब त्याप्रमाणे करा.

२. पिशवीत काय हवं

- शर्टाच्या किंवा कुर्त्याच्या खिशात मावेल अशी वही. मोठी वही बाहेर काढली की लोक तुम्हाला सर्वेक्षणवाले समजतात.
- दोन बॉलपेन आणि एक पेन्सिल. जेल पेन पावसात पसरतं. माझी जुलैतली चार पानं सायन ते दादर एवढ्या प्रवासात निळी झाली.
- फोनमध्ये निदान दोन जीबी मोकळी जागा आणि साधं रेकॉर्डिंग अ‍ॅप.
- वर्गाचं ओळखपत्र, आणि वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या लेटरहेडवर ‘हा आमचा विद्यार्थी असून अमुक विषयावर अभ्यास करत आहे’ असं सही-शिक्क्याचं पत्र. पहिल्याच आठवड्यात मागून घ्या, चार प्रती काढून ठेवा.
- आधारची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो. ग्रंथालयाच्या सभासदत्वाला लागतात. अनामत आणि वर्गणी वेगळी.

लॅपटॉप नसला तरी चालतं. वर्गातला एक मुलगा सगळा लेख फोनवर लिहायचा, आणि त्याचे लेख आमच्यात सर्वांत चांगले होते.

३. टाइपिंगचा प्रश्न पहिल्या आठवड्यात मिटवा

युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे मजकूर कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर तसाच दिसतो. घरात कुणाकडे जुनी श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टची सवय असेल तर ती तुम्ही लावून घेऊ नका. त्या फॉन्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. गृहपाठ पाठवण्याच्या रात्री साडेअकराला हे कळतं.

फोनवर कुठलाही मराठी कीबोर्ड घ्या, कॉम्प्युटरवर शक्यतो इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड-रचना) शिका. बोटांना वळण लागायला तीन आठवडे पुरतात. एका अक्षराकडे मात्र आधीपासून लक्ष द्या: ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘गिरणीवाऱ्या’ यांतला चंद्रकोरीसारखा र. तो ‘दुसर्या’ असा रफार देऊन लिहिणं ही ऑनलाइन मराठीतली सगळ्यात पसरलेली चूक असावी. कीबोर्डवर खाली टिंब असलेला ‘ऱ’ शोधा (इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे), मग हलन्त, मग य. फरक नुसता दिसण्याचा नाही. ‘आचार्यांना बोलावलं’ म्हटलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना बोलावलं’ म्हटलं तर स्वयंपाकी. (वर मी ‘गिरणीवाऱ्या’ असा शब्द लिहिलाय, तो मराठीत नाही. चुकून टाइप झाला आणि मुद्दाम ठेवला. छापायच्या आधी मोठ्याने वाचलं असतं तर सापडला असता. त्याबद्दल सातव्या पायरीत.)

४. निरीक्षणाचा गृहपाठ: एका जागी एक तास

सूचना साधी असते. एक जागा निवडा, तासभर बसा, जे दिसतं-ऐकू येतं ते लिहा. भावना, मत, आठवण काही नको.

बहुतेक जण मरीन ड्राइव्ह, गेटवे किंवा लोकलचा डबा निवडतात. निवडू नका. तिथे गेलात की डोळ्यांच्या आधी आधीच ऐकलेली वाक्यं येतात, ‘मुंबई कधी झोपत नाही’ वगैरे. रेशनचं दुकान, पिठाची गिरणी, झेरॉक्सवाल्याचं काउंटर, महापालिकेच्या दवाखान्यातला केसपेपरचा कोनाडा अशा ठिकाणी जा.

मी दादर पश्चिमेच्या फुलबाजारात गेले, पहाटे. माझ्या पहिल्या खर्ड्यातलं वाक्य होतं: ‘फुलबाजारात पहाटेपासूनच उत्साहाचं आणि लगबगीचं वातावरण असतं.’ सरांनी ते अख्खं खोडलं. पुन्हा वही उघडली तेव्हा त्यात हे होतं: ‘पावणेसहा. निळा रेनकोट. बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोकं. झेंडूवर पाणी मारतो, गुलाबावर नाही. गिऱ्हाईक ढिगात हात घालून खालची फुलं बघतं, तो काही बोलत नाही, फक्त ढीग पुन्हा सारखा करतो.’ तेच वाक्यांत लिहिलं आणि गृहपाठ झाला. उत्साह हा शब्द लागलाच नाही.

बसताना ध्यानात ठेवायचं ते असं. वेळ लिहा, दर दहा मिनिटांनी. आकडे मोजा: किती जण आले, किती जण काही न घेता गेले. भाव लिहा. बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, त्यात हिंदी-मराठी-भोजपुरीची सरमिसळ असेल तर तशीच. आणि रविवारी जाणार असाल तर आधी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघा. माझी एक अख्खी सकाळ कुर्ल्याला गेली.

फोटो काढायचे असतील तर जपून. स्टेशनात मोठा कॅमेरा काढला की विचारणा होते. बाजारातही लोकांना न विचारता काढलेला फोटो आवडत नाही, आणि का आवडावा?

वस्तूवरच्या टिपणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पितळी डबा, आजीचं घड्याळ, शिवणाचं मशीन असं सगळ्यांनी आणलं होतं. ज्या वस्तूवर काही छापलेलं, कोरलेलं किंवा चिकटवलेलं आहे ती घ्या, म्हणजे शोध घ्यायला टोक मिळतं. भांड्यावर कोरलेलं नाव-तारीख, मशीनवरचा नंबर, पुस्तकातली दुकानाची चिठ्ठी.

५. मुलाखत

इथे थोडा जास्त वेळ काढा. सगळ्यांत जास्त शिकायला इथेच मिळतं आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात.

*कुणाची घ्यायची?* नामवंतांच्या मागे लागू नका. ते आधी पन्नासदा दिलेली उत्तरं देतात. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, मूळचे संगमेश्वरकडचे, गिरणीत साचाखात्यात होते. साचा म्हणजे माग, साचाखातं म्हणजे विणकामाचं खातं. मी लहानपणापासून त्यांना जिन्यात बघत होते आणि एवढंच माहीत होतं की ते ‘मिलमध्ये’ होते.

*पहिली चूक: भावना विचारणं.* मी घरून दहा प्रश्न लिहून नेले होते. पहिला: “संप झाला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?” काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “बाय, वाटायला वेळ कुणाला होता?” पुढे गप्प. दुसरा प्रश्न: “गिरणगावच्या संस्कृतीबद्दल काय सांगाल?” त्याला तर ते हसले. दहा प्रश्न अकरा मिनिटांत संपले.

मग सुचेना म्हणून विचारलं, “काका, पहिली पाळी असली की सकाळी उठल्यापासून काय काय करायचात?” आणि ते चाळीस मिनिटं बोलले. खोलीत किती जण झोपायचे, पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन कसा पडायचा, खाणावळीच्या बाईचे पैसे कधी द्यायचे, भोंगा वाजल्यावर गेट किती वेळ उघडं राहायचं, कांडी (सुताची गुंडाळी) संपली की धोट्यात (मागावर आडवा धावणाऱ्या शटलमध्ये) दुसरी घालायला हात कसा चालायचा. हात करून दाखवला. त्यांनी कप खाली ठेवला, उजव्या हाताने धोटा उचलला, अंगठ्याने जुनी कांडी काढली, नवी दाबून बसवली. धोटा नव्हताच हातात, पण मला दिसला.

म्हणून प्रश्न ‘कसं वाटलं’ असा नको. ‘आधी काय, मग काय’, ‘कुठे उभे होतात’, ‘किती पैसे’, ‘बरोबर कोण’ असे विचारा.

*दुसरी चूक: वहीत डोकं खुपसणं.* माझे निम्मे प्रश्न काकांना कळत नव्हते. प्रत्येक वेळी “काय?” म्हणायचे. मला वाटलं, वय झालं. तासाभराने उलगडा झाला. मी वहीत बघत प्रश्न विचारायचे तेव्हाच त्यांना कळत नव्हतं. वर बघून बोलले की लगेच उत्तर. शेकडो साच्यांच्या खडखडाटात कानाशी ओरडूनही ऐकू जात नाही, तिथे माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. ते अजून तसंच ऐकत होते. हे त्यांनी सांगितलं नाही, मी पाहिलं आणि मग विचारलं. माझ्या लेखाची सुरुवात हीच झाली.

*रेकॉर्डिंग.* आधी परवानगी विचारा, आणि रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पुन्हा विचारा, म्हणजे ‘हो’ रेकॉर्ड होतं. फोन पंख्याखाली ठेवू नका. टेबलावर रुमाल घालून त्यावर ठेवा, नाहीतर प्रत्येक कपाचा आवाज हातोड्यासारखा येतो. फ्लाइट मोड चालू करा. मला मध्येच फोन आला आणि नेमका खाणावळीचा भाग गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारला तर काकांनी दोन वाक्यांत उरकला. तसा तो पुन्हा कधीच आला नाही.

*उतरवून काढणं.* चाळीस मिनिटांना मला तीन संध्याकाळी लागल्या. फोनच्या बोलून-टाइप सोयीने काम हलकं होतं, पण ती ‘धोटा’ला ‘छोटा’ लिहिते. धंद्याचे शब्द तिला येत नाहीत, आणि लेखात नेमके तेच हवे असतात. तेवढे स्वतः ऐकून लिहा. शब्द अडला तर त्याच माणसाला विचारा, कोश नंतर.

*तपासणी.* काका म्हणाले, “आमची गिरणी दिवाळीतच बंद पडली.” मी घरी येऊन बघितलं. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. दिवाळी तर ऑक्टोबरात होऊन गेलेली. म्हणजे काकांची आठवण चुकली, असं धरून मी लेखात तारीख दुरुस्त केली. सरांनी समासात लिहिलं: ‘कुठली गिरणी?’ मी जुन्या बातम्या काढल्या. बोनसच्या वादावरून काही गिरण्यांमधलं काम ऑक्टोबर १९८१ मध्येच थांबलं होतं, आणि काकांची त्यांपैकीच एक होती. त्यांचं बरोबर होतं, माझंही, फक्त मी सगळ्या गिरण्यांची तारीख त्यांच्या गिरणीला लावायला निघाले होते.

माणूस सांगतो आणि कागद सांगतो यांत फरक पडला की कागदाला लगेच खरं धरू नका. आधी दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का ते बघा. तरीही फरक राहिला तर माणसाचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं ठेवा आणि बाहेर आपल्या वाक्यात कागद काय म्हणतो ते लिहा.

*नाव.* छापायचं की नाही हे शेवटी विचारा, सुरुवातीला नाही. बोलून झाल्यावर माणसाला कळतं आपण काय काय सांगितलंय. आणि त्याने दुसऱ्या कुणाबद्दल वाईट सांगितलं असेल तर त्या दुसऱ्याचं नाव गाळा, त्याला तुम्ही विचारलेलं नाही.

६. कागद कुठे सापडतात

मुंबईत राहून जुने कागद न बघणं म्हणजे दादरला राहून बाजार ऑनलाइन मागवण्यासारखं आहे. (मीही मागवते. असो.)

मराठीसाठी पहिलं ठिकाण मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. संस्था १८९८ सालची. दादर पूर्वेला, नायगावच्या बाजूला त्यांचा संदर्भ विभाग आहे. जुनी मासिकं-नियतकालिकं बघायची असतील तर इथूनच सुरुवात करा. जाताना ‘गिरणगावावर काही आहे का?’ असं विचारू नका. मी तेच विचारलं आणि माझ्यासमोर एक ढीग आला, त्यातलं निम्मं मला नको होतं. नाव, साल, महिना घेऊन जा. वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांशी नीट बोला, यादीत न सापडणाऱ्या गोष्टी त्यांना तोंडपाठ असतात.

फोर्टात एशियाटिक सोसायटी आहे, टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढून. संस्थेचं मूळ १८०४ मधलं, इमारत १८३३ ची. सभासद नसाल तर काय बघता येईल ते आधी फोन करून विचारा, पत्र बरोबर ठेवा. सरकारी कागद हवे असतील तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं राज्य अभिलेखागार आहे. तिथे अर्ज, ओळखपत्र, पत्र हे सगळं लागेल असं धरूनच जा, पेन पिशवीत ठेवा आणि पेन्सिल वापरा. कागद हातात पडायला एक दिवस गेला तर वैतागू नका. तिथून दोन मिनिटांवर डेव्हिड ससून लायब्ररी आहे, १८७० ची इमारत, मागे छोटी बाग. उपनगरातल्यांना कालिन्याचं विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय सोयीचं.

घरबसल्याही बरंच मिळतं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शोधता येतो. जुन्या शब्दांना मोल्सवर्थसारखा सोबती नाही, दुसरी आवृत्ती १८५७ ची असली तरी. मुंबई शहराचं तीन खंडांचं जुनं इंग्रजी गॅझेटियर १९०९-१० चं, तेही स्कॅन केलेलं सापडतं. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चं. ते संदर्भ म्हणून बघाच, पण त्यात मोजदाद कशी केलीय तेही बघा. शहरावर मराठीत लिहिताना आकडा टाळायची आपली सवय नवी आहे, त्यांना ती नव्हती.

विकिपीडियावर सापडलेली तारीख थेट उचलू नका, तिच्या तळटिपेतला मूळ कागद उघडा. एआयने दिलेली तारीख तर कागदावर सापडेपर्यंत वहीतही नको. आमच्या वर्गात एकाने अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचा हवाला दिला होता, पान क्रमांकासकट.

*माहितीचा अधिकार.* तुमचा लेख वॉर्डातल्या नाल्यावर, बंद पडलेल्या शाळेवर किंवा फेरीवाल्यांच्या परवान्यांवर असेल तर २००५ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. हे दिवस मोजून अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, नाहीतर वर्ग संपल्यावर उत्तर येतं. आणि ‘का’ विचारू नका. मी एका कार्यालयाला ‘अमुक काम का रखडले’ असं विचारलं, उत्तर आलं ‘सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही’. ‘कारण’ नावाचा कागद नसतो. ‘अमुक कामाच्या कार्यादेशाची व मुदतवाढीच्या पत्रांची प्रत द्यावी’ असं मागितलं की कागद येतात, आणि कारण त्यांत असतं.

७. मसुदा

सगळं जमलं की भीती वाटते, मला तरी वाटली. वही भरलेली, फोन भरलेला, आणि समोर कोरं पान. मग हात आपोआप ‘मुंबई ही स्वप्नांची नगरी’ लिहायला लागतो. तो पहिला परिच्छेद लिहून टाका आणि संपल्यावर खोडा. आमच्या अठरा जणांपैकी निदान बाराजणांचा लेख दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू व्हायला हवा होता.

खर्डा झाला की तो प्रिंट काढा आणि मोठ्याने वाचा. कुणाला तरी वाचून दाखवा म्हणत नाही, नुसतं मोठ्याने. श्वास जिथे अडकतो तिथे वाक्य लांब झालंय. जिथे आवाज भाषणासारखा चढतो तिथे तुम्ही काही पाहिलेलं नाही. मग हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक नामापाशी स्वतःच ‘कुठली?’ विचारा. झाड: कुठलं? बस: कितव्या नंबरची? बाई: कोण? उत्तर येत नसेल तर एकतर परत जाऊन बघून या, नाहीतर वाक्य काढा. आमच्या वर्गात याला नावच पडलं होतं, ‘कुठली लावणं’.

वर्गात वाचताना ऐकून घ्या, बोलू नका. “नाही, मला तिथे असं म्हणायचं होतं की...” असं वाक्य जिभेवर आलं की ते वहीत लिहा. बहुधा तेच लेखात लिहायचं राहिलेलं असतं. दुसऱ्याच्या लेखावर बोलताना ‘छान आहे’, ‘भिडलं’ यांचा उपयोग शून्य. “खाणावळीपाशी मला अजून थांबायचं होतं” हे कामाचं.

८. शुद्धलेखन, पण शेवटी

पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका. शेवटच्या प्रतीत मात्र कंजूषी नको. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, एका संध्याकाळी वाचून होतात. माझ्या दोन सवयी: शेवटचा इकार-उकार दीर्घ (‘आणि’, ‘नि’ सोडून), आणि ‘असं-केलं’ की ‘असे-केले’ हे एकदा ठरवून सगळ्या लेखात तेच. दोन्हींची भेसळ झाली की एक वाक्य गप्पांतलं आणि पुढचं परिपत्रकातलं वाटतं.

९. दुसऱ्याचं साहित्य

कविता, गाणं, फोटो. गूगलवर सापडला म्हणजे फुकट नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे माडगावकरांचा उतारा घ्या बिनधास्त, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘अज्ञात’ची कविता मात्र नको. ती बहुतेक वेळा अज्ञाताची नसते.

१०. लेख बाहेर पाठवताना

वर्ग संपल्यावर मोठा लेख कपाटात राहतो. राहू देऊ नका. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आपल्याकडे दिवाळी अंक निघतायत, आणि नव्या माणसाचा लांब लेख छापणारी दुसरी जागा आजही फारशी नाही. मोठे अंक उन्हाळ्यातच भरतात, म्हणून मे-जूनमध्ये पाठवा. गणपतीत पाठवलेला लेख पुढच्या वर्षीचा. युनिकोड फाइल आणि पीडीएफ दोन्ही द्या, कारण मांडणीत अक्षरं फुटली तर त्यांना मूळ बघता येतं. वर शब्दसंख्या, दोन ओळींत विषय, आणि हा लेख दुसरीकडे दिलेला नाही एवढं. मानधनाचं विचारायला लाजू नका, निदान अंकाच्या प्रती मिळतील का ते विचारा. दोन महिने उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग दुसरीकडे पाठवा.

माझा लेख एका छोट्या अंकात आला. मानधन नव्हतं, दोन प्रती मिळाल्या. एक घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर गेले. काकांनी चष्मा लावला, आधी फोटो पाहिला, मग खिडकीपाशी खुर्ची ओढून सगळा वाचला. मी उभीच. धोट्याच्या परिच्छेदापाशी थांबले, बोट ठेवलं. लेखात लिहिलं होतं, ‘ते दोन साचे चालवायचे.’

“बाय,” ते म्हणाले, “कुठले दोन? नंबर नाही घातलेस?”